शेवटच्या प्रकरणाचा टाका

मार्था अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मुलाच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन चर्चच्या पाळकसाहेबांचा होता. हा माणूस एरवी दर वाक्याला दोनदा घसा खाकरतो, पण त्या दिवशी सरळ बोलला. "वंदनाताई, सिस्टर गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच." मी विचारलं, "आज वार कोणता?" ते बहुधा चक्रावले असतील. म्हणाले, "गुरुवार." पुढचं मी नीट ऐकलं नाही. मेथी तशीच टाकून बॅग भरली, पण धुळ्याला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. मे महिन्याच्या उन्हात कोण किती थांबणार... मी मातीवर दोन फुलं ठेवली आणि घरी आले. घरी टेबलावर अक्काची वही होती. तिचं शेवटचं प्रकरण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, आणि ते उघडायला मला त्याआधीच्या गुरुवारी तिच्याकडे जायचं होतं. त्याच्याही आधीच्या गुरुवारी, खरं तर.

हे शिवलेलं प्रकरण म्हणजे काय, ते धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या दोन-चार गल्ल्यांना सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांना सांगायला हवं. मार्था गावित ही नवापूरकडची. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. दवाखान्यात एक परदेशी डॉक्टरीणबाई होत्या. त्या मायदेशी परत जाताना पेटीभर इंग्रजी कादंबऱ्या अक्काला देऊन गेल्या, आणि नंतरही वर्षातून एकदा पार्सल पाठवत राहिल्या. सगळ्या कादंबऱ्या एकाच जातीच्या. समुद्रकाठचं गाव, टेकडीवर चर्च, खाली होड्या, एक विधवा किंवा एक अनाथ मुलगी, तिच्यावर जीव लावणारा एक अबोल माणूस, आणि मध्येच एक चोरी नाहीतर एक मढं. शेवटी प्रार्थना, लग्न आणि गुन्हेगार, तिन्ही एकदमच. अक्का निवृत्त झाल्यावर एकेक कादंबरी मराठीत उतरवायला लागली. दोनशे पानी वह्या, निळी शाई, आणि दवाखान्यातल्या औषधांच्या बाटल्यांवर असायचं तसं सुटं, टपोरं अक्षर. चर्चमधल्या बायका आधी वाचायच्या, मग गल्लीतल्या. कोणाचा देव कोणता हे तिनं कधी विचारलं नाही. माझ्यासारख्या बुद्धविहारात जाणाऱ्या बाईच्या घरीही त्या वह्या आल्या.

फक्त एक अट होती. बायकांना शेवटचं पान आधी वाचायची वाईट खोड. मला तर जन्मजात आहे. म्हणून अक्का प्रत्येक वहीचं शेवटचं प्रकरण कडेनं शिवून टाकायची. दवाखान्यातला जखमेचा काळा दोरा, तीन सुटे टाके, आणि प्रत्येक टाक्याला तिची ती चपटी, कधीही न सुटणारी गाठ. वाचत वाचत टाक्यांपर्यंत पोचलात की गुरुवारी चार वाजता तिच्याकडे जायचं. तिच्या समोरच्या लाकडी खुर्चीत बसायचं. चोर कोण, किंवा खुनी कोण, आणि नायिकेचं काय होणार, ते सांगायचं. मग ती चष्मा लावायची, चिमट्यानं गाठ उचलायची, गाठीखाली बारीक कात्री घालायची आणि दोरा असा ओढून काढायची की कागदाला कळायचंसुद्धा नाही. शेवटचं प्रकरण तिथंच बसून वाचायचं. तेवढ्यात ती चहा करायची. तुमचा अंदाज बरोबर निघाला की चूक, यावर ती काही बोलायची नाही. चहा झाला की मग इकडचं तिकडचं बोलणं. सून कशी आहे, गुडघा दुखतो का, मुलाचा फोन येतो का...

माझी आणि तिची ओळख नऊ वर्षांपूर्वीची. हे गेले त्या वर्षीची. मी सरकारी कचेरीतली टायपिस्ट, नुकतीच निवृत्त झालेली. हे गेल्यावर दहा-बारा दिवस घर माणसांनी भरून राहिलं. पारोळ्याहून भाऊ, फैजपूरहून नणंद, पुण्याहून मुलगा. मग एकेक जण आपापल्या गाडीनं गेला, आणि मला पहिल्यांदा कळलं की आपल्या घरातला फ्रिज इतका आवाज करतो. एका सकाळी दाराशी एक काळीसावळी, ठेंगणी म्हातारी उभी. पांढरी साडी, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. "पलीकडच्या गल्लीत राहते. बायकांचं प्रेशर तपासते. हात दे," एवढंच म्हणाली. पट्टा गुंडाळला, फुगवला, कान लावून ऐकलं. मग एकदम आमच्या अहिराणी बोलीत आली. "वर चढेल शे. जेवण करस का नही?" मी म्हटलं, जेवते. तिनं माझ्या स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. ओट्यावर एकच कप होता, तोही बिस्किटाचा चुरा लागलेला. दुसऱ्या दिवशी येताना पहिली वही घेऊन आली.

पहिल्या वहीत माझा अंदाज सपशेल चुकला. मला राग आला. आयुष्यभर साहेबांच्या चुका सुधारलेली बाई मी, मला एक साधा खुनी ओळखता येऊ नये... महिन्याभरानं दुसरी वही मिळाली, आणि या लेखाचं मूळ त्या दुसऱ्या वहीत आहे.

त्या वहीत एक लहानसं बेट होतं. बेटावर छोटं प्रार्थनामंदिर, त्यात चांदीचा जुना प्याला. एका रविवारी सकाळी प्याला होता, संध्याकाळी नाही. सकाळी बेटाभोवती पाणी, संध्याकाळीही पाणी. त्या दिवशी होडी एकाकडेच होती. टॉमसकडे. तो होड्या बांधायचा, कमी बोलायचा, आणि अ‍ॅना नावाच्या विधवेच्या घराचं छप्पर न सांगता दुरुस्त करून जायचा. सगळं गाव टॉमसला चोर ठरवून मोकळं होतं. अ‍ॅना एकटीच मानत नाही, पण तिच्याकडे पुरावा नाही. इथपर्यंत आलं की टाके.

आमच्याकडे ही वही म्हणजे मोठीच गंमत झाली होती. वाचलेल्या प्रत्येक बाईचा अंदाज चुकला होता. कोणी म्हणे टॉमसच, दिसतो तसा साधा नाही. कोणी म्हणे चर्चचा पाळक पोहत गेला असेल. आमच्या शेजारच्या राधाबाई तर अक्काशी भांडल्या. "पानी सकायले व्हतं, संध्याकायले व्हतं, मंग दुपारले कोठे जाई?" आणि त्यांचं काय चुकलं? आम्ही पांझरेच्या काठची माणसं. आमच्या नदीला पाणी आलं की दोन दिवस पूल बंद, आणि गेलं की आठ महिने नुसते दगड. पाणी रोज यावं, रोज जावं, पुन्हा यावं, असला प्रकार कोणाच्या डोक्यात येणार? भरती-ओहोटी शाळेत भूगोलात शिकलो होतो, परीक्षेत लिहिली होती, आणि तिथंच सोडून आलो होतो. अक्काला मात्र ती पक्की माहीत होती. तरुणपणी नर्सिंग शिकायला ती तीन वर्षं कोकणात एका बंदराच्या गावी राहिली होती. आमच्या बायका एकामागून एक तोंडावर पडताना तिला मनातून किती हसू येत असेल, कोण जाणे.

मलाही ओहोटी सुचली नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

चोर कोण, हे मला खरं तर नकोच होतं. मला अ‍ॅनाचं काय होतं ते हवं होतं. नवरा गेलेल्या बाईच्या आयुष्यात पुढं काही असतं का, एवढंच मला त्या वहीकडून कळून घ्यायचं होतं, आणि ते त्या तीन टाक्यांच्या पलीकडे होतं. दिवस होता सोमवार. गुरुवार तीन दिवसांवर. दुपारी सगळी गल्ली कूलरसमोर झोपलेली. मी ह्यांच्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड काढलं आणि टाके कापले. वाचलं. चर्चमध्ये बाजा वाजवणारा म्हातारा ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूतून चालत बेटावर गेला होता आणि पाणी चढायच्या आत परत आला होता. पायाखालची वाट नंतर समुद्रानं झाकून टाकली. टॉमस सुटला. अ‍ॅनानं त्याला जेवायला बोलावलं, आणि ताट वाढताना पहिल्यांदाच दोन ताटं घेतली. मी त्या दोन ताटांपाशी खूप रडले. मग डोळे पुसले, मशीनचा काळा दोरा सुईत ओवला आणि तिच्याच भोकांतून पुन्हा तीन टाके घातले. लांबून पाहिलं तर अगदी तस्से. स्वतःच्या हातचलाखीचं मला थोडं कौतुकही वाटलं.

गुरुवारी मी खुर्चीत बसले. "मंग? कोन शे चोर?" अक्कानं विचारलं. मी अगदी विचार करत करत बोलल्यासारखं केलं. म्हटलं, "बाजावाला म्हातारा. ओहोटीत चालत गेला असेल." अक्का माझ्याकडे पाहत राहिली. "तू कोठे देखी व ओहोटी?" एक खोटं बोललं की दुसऱ्याला वेळ लागत नाही. मी म्हटलं, लग्न झाल्यावर ह्यांच्याबरोबर समुद्रावर गेले होते, तेव्हा. ह्यांनी मला जन्मात नाशिकच्या पुढं नेलं नव्हतं. अक्कानं चष्मा लावला. पहिली गाठ चिमट्यात धरली आणि क्षणभर तशीच थांबली. मग तिनं कात्री घातली, तिन्ही टाके काढले आणि वही माझ्यापुढं सरकवली. वीस मिनिटं मी वाचलेलंच पुन्हा वाचत बसले. मध्ये मध्ये "अगं बाई" म्हणावं लागलं, तेही म्हटलं.

त्या रविवारी तिनं चर्चमध्ये सगळ्या बायकांना सांगितलं की बेटाची वही वंदनानं सोडवली. राधाबाई मुद्दाम मला बघायला आल्या. पुढं कितीतरी दिवस भाजीवालीच्या हातगाडीपाशी कोणीतरी म्हणायचंच, या त्या, बेटवाल्या. आणि एरवी महिनाभर वाट बघायला लावणाऱ्या अक्कानं पुढची वही मला तिसऱ्याच दिवशी घरी आणून दिली. मला वाटलं, बक्षीस. मी लाजून घेतली.

त्यानंतरची नऊ वर्षं गुरुवार म्हणजे अक्का. वही असो नसो, मी जायचीच. नाताळात तिच्याकडच्या करंज्या, बुद्धपौर्णिमेला माझ्याकडची खीर. हिवाळ्यात भरीत करून नेलं की ती तिखटानं नाक पुसत पुसत खायची आणि आणखी मागायची. पुन्हा मी एकही टाका कापला नाही. पुन्हा माझा एकही अंदाज बरोबर आला नाही. राधाबाईंनी हे दोनदा बोलून दाखवलं. अक्का म्हणाली, नशीब काही दरवेळी साथ देत नाही. खरं सांगून टाकावं असं मला कितीदा वाटलं. एकदा तर सुरुवातही केली. "अक्का, ती बेटाची वही आठवते ना..." ती लगेच म्हणाली, "चहा पी ल्हे, गार व्हई ऱ्हायना." मी चहा प्यायले. गोष्ट एवढीशी, एका दोऱ्याची. पण जिच्यासमोर आपण सगळं बोलतो, तिच्याशीच एक खोटं राहून गेलं, की ते बारीक कुसळासारखं सलत राहतं. तिला कळलं असेल का, कळलं असेल तर ती मला काय समजत असेल, हे मी नऊ वर्षं घोळवत राहिले.

या सगळ्यात तिनं स्वतःबद्दल एकदाच काही सांगितलं. पावसाळ्यातला गुरुवार होता, वीज गेलेली. मी सहज विचारलं, अक्का, तुला या समुद्रकाठच्याच गोष्टी का आवडतात? ती खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "तठे एक व्हता." आणि चहाला उठली. तिथं, म्हणजे कोकणातल्या त्या बंदराच्या गावी, कोण होता, ते मी पुढं विचारलं नाही. परत आली तेव्हा माझ्या सुनेचा विषय निघाला.

मार्चमध्ये तिनं मला ही वही दिली. "ही शेवटची. डोळे आता ऐकत नाहीत," म्हणाली. अक्षर थरथरलेलं, ओळी खाली उतरलेल्या. टाके तीनऐवजी दोनच, पण गाठी तशाच चपट्या. गोष्ट मिरियम नावाच्या म्हातारीची. समुद्रकाठी एकटी राहते, आणि दर आठवड्याला तिला एक पत्र येतं. खाली सही नाही. पत्रात तिच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी असतात. आज तू खिडकीतलं झाड आत घेतलंस, आज तू जेवली नाहीस. गावात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतं दीपगृहाचा रखवालदार, कोणी म्हणतं समुद्रात हरवलेला भाऊ. मी सावकाश वाचली. ठरवलं होतं, या वेळी टाके कापण्याआधी अक्काला सगळं सांगायचं. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. नातवाला कांजिण्या, सुनेला रजा नाही. मी चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि दीड महिना राहिले. खरं बोलायचं तर पहिल्या पंधरवड्यानंतर माझी तिथं गरज नव्हती. घरात आवाज होता, माणसं होती, मला उठवेना. अक्काला फोन केला, म्हटलं, येते गं पुढच्या गुरुवारी. ती म्हणाली, "घाई नही शे. पन शेवट वाचू नको, बरं." आणि हसली. फोन ठेवल्यावरही ते हसू माझ्या कानात राहिलं. पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाळकसाहेबांचा फोन आला.

दफनानंतर आठवड्याभरानं पाळकसाहेबांनी मला तिच्या खोलीवर बोलावलं. "सिस्टर सांगून गेल्यात, बठ्ठ्या वह्या वंदनाले द्या म्हणून," ते म्हणाले. तिचं ते 'बठ्ठ्या', म्हणजे सगळ्या, त्यांच्या तोंडी अवघडल्यासारखं वाटलं. मला कपाटाची किल्ली देऊन ते बाहेर व्हरांड्यात बसले. कपाटात ओळीनं वह्या. खालच्या कप्प्यात कात्री आणि चिमटा, फडक्यात गुंडाळलेले. आणि त्याखाली एक जाड पुठ्ठ्याची फाइल. उघडली तर आत दवाखान्याचे जुने, मागून कोरे केसपेपर. प्रत्येक वहीला एक. वर वहीचं नाव, खाली वाचणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येक नावासमोर चिकटपट्टीनं चिकटवलेले काढलेले टाके. दवाखान्यातली सवय असणार. काढलेला प्रत्येक टाका मोजून बाजूला ठेवायचा, आत काही राहता कामा नये.

मी बेटाच्या वहीचा कागद शोधला. राधाबाईंचं नाव आधी दिसलं. 'राधाबाई. अंदाज टॉमस. चूक. सुनेशी बोलत नाही. पुढच्या वेळी दोघींना एकत्र बोलवावे.' त्याखाली आणखी एक. 'अंदाज पाळक. चूक. पाय सुजलेले, साखर तपासायला सांगणे.' अशी पंधरा-सोळा नावं. म्हणजे आम्ही चोर ओळखायला जात होतो आणि ती आम्हाला तपासत होती. शेवटी माझं नाव होतं. समोर माझेच तीन टाके, मशीनच्या दोऱ्याचे. बाकीच्यांच्या चपट्या गाठींमध्ये माझ्या गाठी मुरमुऱ्यांसारख्या फुगलेल्या. आंधळ्यालाही कळलं असतं. पुढं तिनं लिहिलं होतं : 'वंदना. बरोबर. वाचून आली. विचारू नये. घरात एकच कप. एकटी आहे. पुढची वही लवकर द्यावी.'

मी तिच्या खुर्चीत बसले नाही. माझ्या खुर्चीत बसले, नेहमीच्या. किती वेळ बसले, माहीत नाही. पाळकसाहेब दोनदा दाराशी येऊन खाकरून गेले. मला लाज वाटली, हसू आलं, आणि मग दुसरंच काही सुचलं आणि रडू थांबेना. त्या फाइलमध्ये आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईचा कागद होता. अक्काचा कागद कोणाकडेच नव्हता. तिच्या घरात कप किती, ती जेवते का, गुरुवार सोडून बाकीचे सहा दिवस काय करते, हे मी कधी मोजलं नाही. 'तठे एक व्हता' म्हणाली तेव्हा पुढं एक प्रश्न विचारायचा होता, फक्त एक. ती चहा करून परत येईपर्यंत मला पुरेसा वेळ होता.

वह्या आता माझ्याकडे आहेत. राधाबाई विचारून गेल्या, गुरुवार पुन्हा सुरू करशील का? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला ती चपटी गाठ अजून जमत नाही. सराव करते आहे. पण मिरियमची वही मी कोणाला दिलेली नाही. ती टेबलावर आहे, दोन टाक्यांसकट. कात्री, चिमटा शेजारीच आहे, ब्लेडही घरात आहे. डॉक्टरीणबाईंच्या पेटीत मूळ इंग्रजी पुस्तक असेल, तेही मी शोधलेलं नाही. गुरुवारी चार वाजता मी दोन कप चहा करते, एक समोर ठेवते, आणि माझा अंदाज मोठ्यानं सांगते. अक्का, ती पत्रं कोणी पाठवत नाही. मला वाटतं, मिरियम स्वतःच लिहिते, आणि स्वतःच टपालात टाकते. चूक असेल तर असू दे. या वेळी मी वाचलेलं नाही.